झेप मोठी की पेलणं मोठं?

खानापूरच्या एका तरुण मित्राचा प्रश्न आहे. वर्षभरापासून ते एका साप्ताहिकात संगीताची परीक्षणं लिहितात. गेल्या महिन्यात त्यांनी दोन मैफली ऐकल्या. पहिल्या गायकाने यमन मांडला, मग एक ठुमरी, शेवटी भैरवी. कुठे काही चुकलं नाही. दुसऱ्या मैफलीत एका तरुण गायिकेने कन्नड संतकवयित्री अक्कमहादेवींचं वचन मारवा रागात, विलंबित एकतालात, बड्या ख्यालासारखं गायचा प्रयत्न केला. रिषभ दोन-तीनदा उतरला, एकदा सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकली, अर्ध्या तासानंतर लोक चुळबुळ करू लागले. ‘तरी मला दुसरीच मैफल आठवत राहते. परीक्षणात झुकतं माप कुणाला द्यायचं? कलावंताच्या महत्त्वाकांक्षेला, की प्रत्यक्ष झालेल्या गाण्याला?’

आधी थेट उत्तर देतो. माप कुणालाच झुकतं देऊ नका. पण मजकुरातली जागा दुसरीला जास्त द्या, दुप्पट द्या. माप वेगळं आणि जागा वेगळी, हे कळायला मला लिहायला लागल्यापासून पंधराएक वर्षं गेली.

‘महत्त्वाकांक्षा’ हा शब्द मला या कामाला पटत नाही. आपण तो माणसाला लावतो, गाण्याला नाही. महत्त्वाकांक्षी गायक म्हटलं की महोत्सवाच्या पत्रिकेत सगळ्यांच्या वर नाव हवं असलेला कुणीतरी डोळ्यांसमोर येतो. बेळगावच्या बैठकांत मी ज्या जाणत्या माणसांच्या मागे बसून ऐकायला शिकलो, त्यांचे शब्द वेगळे होते. ‘झेप घेतली होती, पेलली नाही.’ ‘गळा लहान आहे, पण आवाका बघा.’ ‘जमलं सगळं, रंगलं नाही.’ आणि क्वचित कधी, घरी परतताना, रस्त्यात थांबून: ‘रंगली नाही आज, पण त्याला काहीतरी गवसलं होतं की.’

जमणं म्हणजे सूर, लय, रागाची चौकट जागेवर असणं. रंगणं हे निम्मं श्रोत्यांच्या हातात. सभागृह भरलेलं, साथीदार खुशीत, हवा बरी, तर मध्यम गाणंही रंगतं. पेलणं म्हणजे जे उचललं ते शेवटपर्यंत नेणं. आणि गवसणं म्हणजे आधी हाती नसलेलं काहीतरी त्या संध्याकाळी हाती येणं. तुमचा प्रश्न झेप आणि जमणं या दोहोंतच अडकला आहे. परीक्षकाने शोधायचं असतं ते मुख्यतः चौथं. यमन गाणाऱ्याला गवसू शकतं, मारव्यात वचन गाणारीलाही गवसू शकतं, आणि दोघांनाही काहीच न गवसता घरी जावं लागू शकतं.

आपल्या भागातलीच दोन नावं घेतो. सन १९२४. एप्रिलच्या ८ तारखेला बेळगावजवळच्या सुळेभावीत शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ जन्मले, पुढचे कुमार गंधर्व. त्याच वर्षी डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि तिथे धारवाडच्या एका अकरा वर्षांच्या मुलीने स्वागतगीत म्हटलं. त्या गंगूबाई हनगल. आजही टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून जाताना मला आधी ते स्वागतगीत आठवतं, मग बाकीचा इतिहास.

कुमारजींची झेप कुणालाही दिसेल अशी होती. १९४८ च्या जानेवारीत ते देवासला गेले, क्षयाने काही वर्षं गाणं बंद पडलं. त्या अंथरुणावर माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर पडत राहिली. उठल्यावर त्यांनी त्या धुनांमधून राग उभे केले, ऋतूंवर, लोकगीतांवर, एकेका कवीवर आखलेले कार्यक्रम केले. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ आलं, त्यात त्यांच्या बंदिशी आणि नवे राग नोटेशनसह छापले गेले. त्या काळात जाणकारांत त्यांच्यावरून अक्षरशः दोन तट पडले होते. तुकड्यातुकड्यांनी गातात, ख्यालाची संथ बढत मोडतात, हे आक्षेप घेणारे लोक काही अडाणी नव्हते. त्यांना ऐकू येत होतं ते खरंच होतं.

आता गंगूबाई. सवाई गंधर्वांकडे शिकायला हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जायच्या. गुरूंची शिकवण अशी की मोजके राग, पण एकेकाची उजळणी वर्षानुवर्षं. गळ्याच्या दुखण्यानंतर आवाज खालच्या पट्टीत गेला, भारदस्त झाला, आणि त्या आवाजाला जे राग मानवले तेच त्यांनी आयुष्यभर घोळवले. नवा राग नाही, आखलेला ‘प्रयोग’ नाही, माइकवरून निवेदन नाही. ‘महत्त्वाकांक्षा’ नावाचा रकाना ठेवून कुणी गुण देत बसलं असतं तर गंगूबाईंना तिथे शून्य मिळालं असतं. पण त्या शुद्ध कल्याणात खर्जातून वर यायच्या तेव्हा आजवर कुणी न दाखवलेली जागा दिसायची. ही झेप आडवी नव्हती, खोल होती. त्यांचे गुरुबंधू भीमसेन जोशी यांच्याबद्दल तर कितीतरी वर्षं तक्रार होती, पुन्हा तोडी, पुन्हा पुरिया, पुन्हा दरबारी. विहीर एकच असली तरी पाणी रोज नवं असतं, हे तक्रार करणाऱ्यांच्या कानापर्यंत पोचत नव्हतं.

एकाच वर्षाची, एकाच टापूतली ही दोन टोकं. दोघांनाही पुरून उरेल असा एक मापदंड मला आजवर सापडला नाही. झेपेला बक्षीस द्यायचं ठरवलंत तर तुम्ही गंगूबाईंना चुकता. निर्दोष जमण्याला बक्षीस द्यायचं ठरवलंत तर १९५० च्या दशकातल्या कुमारांना. मग हाती राहतं ते एकच: आजच्या गाण्यात काय गवसलं, ते कानाने शोधा, आणि कानानेच सिद्ध करा.

‘कानाने’ यावर माझा एवढा भर का, ते माझ्या दोन चुकांवरून सांगतो.

पहिली चूक लिहायला लागल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली. एका नवख्या गायिकेने बिहागडा गायला घेतला. सुरुवातीची वीस मिनिटं तबला नाही, धृपदाच्या अंगाने नुसती आलापी, आणि मग तिथूनच एका बंदिशीत उतरायचं, असा तिचा बेत. सभागृहात त्या दिवशी निम्मे लोक होते, त्यातलेही निम्मे उठले. आलापीतून बंदिशीत येतानाचा सांधा साफ निसटला. आलापीची लय एक, बंदिशीची दुसरीच, आणि मधे नुसतीच पोकळी. मी लिहिलं, ‘प्रयोग फसला.’ आणि पुढच्या परिच्छेदात तबलजीकडे वळलो.

पुढे अकरा वर्षांनी धारवाडात त्यांचं गाणं ऐकलं. तोच बेत, पण आता बंदिशीची लय आलापीच्या आतच हळूहळू जागी होत होती. तबला सुरू झाला तेव्हा तो आधीपासूनच वाजत होता असं वाटलं. त्या रात्री मी घरी येऊन जुनं कात्रण काढलं. निर्णय चुकीचा नव्हता. प्रयोग फसलाच होता. चूक ही की माझ्या त्या काळच्या वहीत एक नोंद होती: ‘कोमल निषादावरून धैवतावर येताना मधे थांबली, तो थांबा सुंदर’. ही नोंद छापात आलीच नाही. अकरा वर्षांनी सगळं गाणं त्याच थांब्यातून फुललेलं होतं. बीज मी ऐकलं होतं, लिहिलं नव्हतं. एवढंच माझं काम होतं आणि मी ते केलं नाही.

दुसरी चूक उलट दिशेची, आणि मला ती जास्त बोचते. सौंदत्तीच्या यल्लम्माची जोगत्यांची गाणी आणि रागसंगीत यांचा संगम, असा एक मोठा कार्यक्रम आपल्या भागात झाला होता. संगीतकार बाहेरचे, नावाजलेले. रंगीत पुस्तिका, प्रत्येक गाण्याआधी दहा मिनिटं निवेदन: लोकपरंपरा, सीमा ओलांडणं, उपेक्षितांचा स्वर. मी भारावून गेलो. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला दोन भाषांच्या मधे उभं राहून कुणी बोललं की लगेच आपलंसं वाटतं. मी अर्धं पान लिहिलं.

आठवड्याने बसस्टँडवर सौंदत्तीकडच्या एका चौंडकंवाल्याने मला ओळखलं. तो त्या कार्यक्रमात साथीला होता. त्याने नमस्कार केला, लिहिल्याबद्दल आभार मानले, आणि विचारलं, ‘सर, आमचं चौंडकं ऐकू आलं का तुम्हाला?’

मी आठवून बघितलं. नव्हतं आलं. चौंडकं हे वाद्य असं की काखेत धरून एका हाताने तार ताणायची-सैल करायची आणि दुसऱ्या हाताने छेडायची. तारेच्या ताणाबरोबर सूर वर-खाली घसरत राहतो, कुठल्याही एका पट्टीत तो बसत नाही. ती घसरणच त्याचा प्राण. त्या कार्यक्रमात त्याच्यावर हार्मोनियम आणि कीबोर्ड चढवले होते. पक्क्या पट्ट्यांच्या त्या भिंतीखाली चौंडक्याची घसरण बेसूर वाटू लागते, म्हणून ध्वनिव्यवस्थेवाल्याने त्याचा आवाज कमी केला होता. संगमाबद्दल बोलणारा कार्यक्रम ज्याच्याशी संगम व्हायचा त्यालाच ऐकू देत नव्हता. आणि मी निवेदन ऐकून अर्धं पान लिहिलं होतं.

त्या दिवसापासून मी वहीचं पान मधे रेघ मारून दोन भागांत करतो. डावीकडे कानाने ऐकलेलं, किती वाजता ते घालून. उजवीकडे सांगितलं गेलेलं: निवेदन, पुस्तिका, कलावंताची मुलाखत, शेजारच्याचं मत. घरी आल्यावर उजवीकडच्या प्रत्येक ओळीला डावीकडे आधार शोधायचा. नसेल तर ती ओळ खोडायची. फार साधी गोष्ट आहे, पण तिने मला जितकं वाचवलं तितकं कुठल्या ग्रंथाने वाचवलं नाही. पुस्तिका कार्यक्रम संपल्यावरच वाचा, हेही आलंच.

म्हणून, झेपेबद्दल जर काही लिहायचं असेल तर ती सुरांत दिसायला हवी. निवेदनातल्या झेपेला शून्य गुण. अगदी शून्य. कारण निवेदन लिहायला रियाज लागत नाही, आणि जो वर्षानुवर्षं रियाज करतो त्याला बहुधा निवेदन लिहिता येत नाही.

इथे एक काळजीची गोष्ट आहे आणि तिच्यावर जरा थांबतो. आपण ज्याचं कौतुक करतो ते पुढच्या वर्षी जास्त पिकतं. गेली काही वर्षं मी स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो. एका स्पर्धेच्या गुणपत्रिकेत ‘नावीन्य’ असा रकाना आला. पहिल्या वर्षी फरक पडला नाही. दुसऱ्या वर्षी बारा-तेरा वर्षांची मुलं अनवट राग, जोडराग घेऊन आली. एक मुलगी अतिविलंबित झुमऱ्यात गात होती. चौदा मात्रांचं ते आवर्तन इतकं लांब की तिचा श्वास मधेच संपायचा, ती घाबरून तबलजीकडे बघायची. तिचा भूप मी आदल्या वर्षी ऐकला होता. गोड, मोकळा, तिच्या वयाचा होता. नावीन्याचे दहा गुण मिळवायला तिचा भूप घरीच ठेवून तिला आणलं होतं. मी आयोजकांना तो रकाना काढायला सांगितलं. काही वाद झाला, पण निघाला.

मोठ्यांच्या जगातही हेच चालतं. अनुदानासाठी प्रस्ताव लिहायचा, त्यात ‘संकल्पना’ हवी. महोत्सवाला गाणं नको असतं, ‘कार्यक्रम’ हवा असतो. ज्याला यमन तासभर गाता येतो त्याने अर्जात काय लिहायचं? ‘यमन गाईन’?

आणि याच्या उलटंही तितकंच खरं आहे, ते टाळून पुढे जाणार नाही. लहान गावांत वर्षाला एखाद-दुसरी मैफल होते. आयोजकाने वर्गणी गोळा केलेली असते, त्याला खात्रीचं हवं असतं. आपण परीक्षकही जर फक्त जमलेल्याचीच पाठ थोपटत राहिलो तर पंचेचाळीस मिनिटांचा राग, एक ठुमरी, एक अभंग, एक वचन, भैरवी, या ठरलेल्या ताटाबाहेर कुणी काही वाढणारच नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी असंच केलं असतं तर आज आपल्याकडे बरंच काही नसतं. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी कर्नाटक संगीत कानात घेतलं, ख्यालात सरगम आणली. तेव्हा कित्येकांना ते खटकलं, आज सरगम न घेणारा गायक शोधावा लागतो. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत बसला. जो गळा उरला त्याच्यासाठी त्यांनी नवी गायकी घडवली. तीच त्यांच्या मुलांकडून, मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडून, आपल्या धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांपर्यंत आली. मन्सूर अनवट राग गायचे तेव्हा ‘बघा, किती दुर्मीळ राग आणलाय’ असा भाव चुकूनही नसायचा. राग दुर्मीळ आहे हे श्रोत्याला नंतर कळायचं. मला वाटतं पेललेल्या झेपेची हीच खूण: झेप दिसत नाही, पोचलेला माणूस दिसतो.

वेळेचाही एक पेच आहे. आपण दुसऱ्या दिवशी सकाळी लिहितो, आणि झेपेचा निकाल कधी कधी पंचवीस वर्षांनी लागतो. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या गुर्लहोसूरचे. १८८० च्या ऑक्टोबरात पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं तेव्हा सात अंकांतले पहिले चारच अंक झाले होते. कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, कर्नाटकी चाली, सगळं एकत्र केलेलं. त्या रात्रीच्या परीक्षकाला ‘अपुरं’ एवढं तर नक्कीच लिहिता आलं असतं, आणि ते खरंही होतं. कोल्हापूरचे जगन्नाथबुवा पुरोहित यांनी जोग आणि चंद्रकंस यांतून जोगकंस बांधला. आज तो इतक्या गळ्यांत आहे की कुणी बांधला हे कित्येक श्रोत्यांना माहीतच नसतं. नव्या रागाची खरी परीक्षा तीच, दुसऱ्याच्या गळ्यात जाणं. पण ती परीक्षा आपण घेत नाही, काळ घेतो. आपल्याला फक्त पुढच्या माणसाला उपयोगी पडेल अशी नोंद करता येते: इथे हा सांधा होता, इथे निसटला, इथे हे गवसलं.

म्हणून मी दाद आणि शाबासकी यांत फरक करतो. दाद सुराला असते. ती तिथल्या तिथे, आपोआप बाहेर पडते, उधारीवर चालत नाही. शाबासकी माणसाला असते, त्याच्या कष्टाला, हिमतीला. शाबासकी गुरूने द्यावी, आईने द्यावी, मित्राने द्यावी. परीक्षकाने छापात शाबासकी दिली की ती कलावंताला खाली बसवते; मोठ्या माणसाला ‘प्रयत्न चांगला’ म्हणण्याइतका अपमान दुसरा नाही. त्याऐवजी त्याच्या प्रयत्नाचा बारकाईने शोध घ्या. तोच खरा मान. जागा द्या म्हणतो ते याच अर्थाने.

आता तुमच्या मारव्याकडे येऊ. मी तिथे नव्हतो, तेव्हा निर्णय देणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून काय तपासावं ते सांगतो.

पहिलं, तंबोरा कशावर लावला होता? मारव्यात पंचम नाही. तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादावर किंवा धैवतावर लावावी लागते. लहान गावांत हल्ली मोबाइलवरचा तंबोरा लावून देतात आणि तो नेहमीच्या पंचमावरच राहतो. तासभर कानाशी पंचम घुमत असेल तर मारव्याचा धैवत आणि कोमल रिषभ जागेवर ठेवणं चांगल्या चांगल्यांना जड जातं. तसं असेल तर उतरलेल्या रिषभाचा निम्मा दोष व्यवस्थेचा आहे, आणि ते लिहायला हवं. तंबोरा नीट असेल तर दोष गळ्याचा, तेही स्पष्ट लिहायला हवं. ‘प्रयोग होता’ म्हणून सूर सोडून द्यायचा नाही. उलट झेप मोठी असेल तेव्हा सूर जास्त सांभाळावा लागतो, कारण श्रोत्याच्या पायाखाली दुसरी ओळखीची जमीन नसते.

दुसरं, वचन ख्यालात बसतं का? हा प्रश्न तिच्या गळ्याचा नाही, बेताचा आहे. आणि फसलेल्या गाण्यात बेत चुकला की हात कमी पडला, हे वेगळं करून दाखवणं हे परीक्षकाचं सगळ्यांत मोलाचं काम. वचन हे बाराव्या शतकातल्या शरणांचं, म्हणजे शिवभक्त संतांचं बोलणं आहे, छंदात न बांधलेलं. ते पुढे पुढे जातं आणि शेवटी अंकितावर, म्हणजे देवाच्या नावाच्या मुद्रेवर पोचतं. अक्कांच्या वचनात ‘चन्नमल्लिकार्जुन’ या नावावर. ख्यालाची रीत याच्या बरोबर उलटी. ख्याल मुखड्याकडे परत परत येतो. पहिल्या ओळीचा तुकडा मुखडा केला तर दर आवर्तनाला वाक्य अर्ध्यात तुटतं, आणि कन्नड समजणाऱ्या श्रोत्याला सारखी ठेच लागते. लोक चुळबुळत होते म्हणता. त्यात कन्नड कळणारे आधी चुळबुळले का मराठीवाले? तुम्हाला दोन्ही भाषा येतात, तुम्ही ते पाहू शकला असता. मन्सूरांसारख्यांनी वचनं गायली, पण मैफलीत ती स्वतंत्रपणे, शब्दांना मोकळं ठेवून. ती वाट सोडून ही मुलगी अवघड वाटेने का गेली?

मला एक शक्यता दिसते, आणि तुमची दुसरी मैफल तुम्हाला का आठवत राहते त्याचं कारण कदाचित तिथेच असेल. मारवा हा षड्ज लांबणीवर टाकणारा राग. गायक रिषभ-धैवतावर रेंगाळत राहतो, घर दिसत असतं पण आत पाऊल पडत नाही. अक्कांचं वचनही तसंच, नाव शेवटी येतं. तिने जर षड्ज ‘चन्नमल्लिकार्जुन’ या नावासाठी राखून ठेवला असेल, आणि तिथेच, फक्त तिथेच ती षड्जावर उतरली असेल, तर तिला फार मोठी गोष्ट गवसली आहे. मग तिची अडचण रागाची नाही, विलंबित एकतालाची आहे, मुखड्याची आहे. ती धमारात बघेल, तबल्याशिवाय बघेल, किंवा अंकितालाच मुखडा करून उलट्या बाजूने सुरू करेल. हे तुमच्या वहीत डावीकडे आहे का? ती षड्जावर कधी आली, किती वाजता, कुठल्या अक्षरावर? नसेल, तर तुमच्या आठवणीला अजून आधार नाही. लक्षात राहणं म्हणजे चांगलं असणं नव्हे, अपघातही लक्षात राहतात. असेल, तर परीक्षणाचं पहिलं वाक्य तेच करा. सम हुकली हे दुसरं वाक्य.

आणि तो यमन. ‘कुठे काही चुकलं नाही’ हे तुमचं वाक्य मला पुरेसं वाटत नाही. यमन पहिल्या वर्षी शिकवतात, प्रत्येक श्रोत्याने शंभरदा ऐकलेला असतो, तिथे लपायला जागा नाही. यमन गायला बसणं हीसुद्धा झेप असू शकते. त्याने तीव्र मध्यमावरून पंचमाकडे जाताना काय केलं? गांधारावर किती वेळ थांबला, आणि तिथून पुढे काय पाहिलं? का नुसतंच सगळं बिनचूक पार पडलं? बिनचूक पार पडलं असेल तर तसं लिहा, दोन ओळींत, आदराने. पण तुम्हीच दुसऱ्या मैफलीच्या ओढीने पहिलीकडे अर्ध्या कानाने ऐकलं असेल, तर तो गायक तुमच्याकडून अन्याय सोसतोय. संगीताचे अभ्यासक वामनराव देशपांडे यांनी गायकीच्या घराण्यांची मांडणी सूर आणि लय या दोन टोकांमधे केली होती. एक टोक किराण्याच्या सुराचं, दुसरं आग्र्याच्या लयीचं. त्या मांडणीतून मी एवढंच घेतलं की कोण कुठल्या दिशेने निघालाय ते आधी ओळखावं. सुराच्या शोधात निघालेल्याला लयीची झेप का घेतली नाहीस म्हणून विचारू नये.

तुमच्या त्या वहीची दोन्ही मैफलींची पानं मला पाठवा, जशी आहेत तशी. आणि त्या मुलीचं गाणं पुन्हा कुठे आहे, निपाणीला किंवा चिकोडीला, कळलं तर मलाही कळवा. आपण दोघे जाऊ. तंबोरा निषादावर लावून घ्यायला मी आयोजकांना आधीच फोन करीन.